योद्ध्याच्या देवळात जाताना : जपानच्या देवस्थानांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात निक्को येथील देवस्थानाचे छायाचित्र छापल्यावर नाशिक आणि परिसरातील अनेक वाचकांनी पत्रे पाठवली. मुलांकडे म्हणून जपानला निघालेल्या पालकांपासून इतिहासाच्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांच्या शंकांचा गाभा एकच आहे : रणांगणावर आयुष्य घालवलेल्या माणसाचे देऊळ म्हणजे नेमके काय, आणि तेथे आपण कसे वागावे? म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमचा मुलगा टोकियोत नोकरीस आहे. मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून तो आम्हांला निक्कोच्या तोशोगू देवस्थानात नेणार आहे. ते तोकुगावा इएयासू नावाच्या सेनापतीचे देऊळ आहे, असे तो सांगतो. सेनापतीचे स्मारक मी समजू शकते, समाधीही समजू शकते. पण देऊळ कसे? आत मूर्ती आहे का? आम्ही हात नेमके कोणापुढे जोडणार आहोत? (एक निवृत्त मुख्याध्यापिका, गंगापूर रोड)

आपण हात जोडाल ते इएयासूपुढेच, हे आधी स्पष्ट करतो. देवळाला सरदाराचे नाव असणे नाशिककरांना नवे नाही. गोदाकाठच्या देवळाला आपण सर्रास नारोशंकराचे देऊळ म्हणतो, पण गाभाऱ्यात रामेश्वर महादेव आहे. ते १७४७ मध्ये बांधणारे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांचे फक्त नाव देवळाला लागले आहे. निक्कोत देऊळ ज्याच्या नावाचे, गाभाराही त्याचाच. महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण सिंधुदुर्ग किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिराचे आहे. राजाराम महाराजांनी उभारलेल्या त्या मंदिरात शिवछत्रपतींची मूर्ती असून तिची नित्य पूजा होते. आपल्याकडे हा अपवाद आहे. जपानमध्ये ही चांगली मळलेली वाट आहे.

शिंतो या जपानच्या मूळ धर्मपरंपरेत ज्यांना कामी, म्हणजे देव, म्हणतात त्यांत पर्वत, धबधबे, जुने वृक्ष, पूर्वज आणि काही असामान्य माणसे या सर्वांचा समावेश होतो. कामी होण्यासाठी माणूस पुण्यवान असावा लागतो असे नाही. त्याच्या असण्याचा किंवा जाण्याचा लोकांना दरारा वाटावा, एवढे पुरते. सुरुवातीला ही प्रथा बरीचशी भीतीतून वाढली. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान दरबारी हद्दपारीत ९०३ मध्ये मरण पावला आणि पुढे राजधानीवर संकटे कोसळू लागली, तेव्हा त्याचा कोप शांत व्हावा म्हणून त्याला देवपद देण्यात आले; आज तोच विद्येचा देव आहे आणि परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी त्याच्याकडे धाव घेतात. बंडखोर ठरून ९४० मध्ये मारला गेलेला योद्धा ताइरा नो मासाकादो टोकियोच्या कांदा म्योजिन देवस्थानात पुजला जातो, तोही याच न्यायाने.

इएयासूची गोष्ट मात्र वेगळी, कारण येथे कोप शमवायचा नव्हता, सत्ता टिकवायची होती. शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या यादवीनंतर देश एका शासनाखाली आणणारा आणि पुढे अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या राजवटीचा हा संस्थापक १६१६ मध्ये सुनपू येथे, म्हणजे आजच्या शिझुओका शहरात, वारला. देह कुनोझान डोंगरावर ठेवावा आणि वर्ष उलटल्यावर निक्कोत एक लहानसे देऊळ बांधावे, म्हणजे आपण तेथून पूर्वेकडील आठ प्रांतांचे रक्षण करू, अशी व्यवस्था त्याने मृत्यूपूर्वी सांगून ठेवली होती. तो जाताच त्याला कोणती दैवी पदवी द्यावी यावर सल्लागारांत वाद जुंपला. तेंकाई या बौद्ध आचार्याने असा मुद्दा काढला की, विरुद्ध पक्ष सुचवीत असलेली पदवी पूर्वी तोयोतोमी हिदेयोशी या इएयासूच्या आधीच्या सत्ताधीशाला दिली होती आणि त्याच्या घराण्याचा तर १६१५ मध्ये निर्वंश झाला, तेव्हा ती अशुभ आहे. हा मुद्दा सर्वांना पटला. वास्तविक हिदेयोशीच्या घराण्याचा नाश इएयासूनेच केला होता, हे त्या बैठकीत कोणी बोलून दाखवले असेल असे वाटत नाही.

१६१७ मध्ये देवस्थान निक्कोला आले. त्याने मागितले होते लहानसे देऊळ. नातू इएमित्सूने १६३४ ते १६३६ या काळात ते पाडून आज दिसते ते वैभव उभे केले. एकट्या योमेइमोन या महाद्वारावर पाचशेहून अधिक कोरीव आकृती आहेत. त्या दारात आपण जरा थांबावे आणि खांबांकडे नीट पाहावे : पांढऱ्या खांबांवर जी वळणदार नक्षी आहे, ती एका खांबावर उलटी कोरलेली आहे. काम पूर्ण झाले की त्याच क्षणापासून उतरती कळा लागते, म्हणून एक खांब मुद्दाम अपुरा ठेवावा, असा त्यामागचा समज सांगतात. तीन माकडांची सुप्रसिद्ध पट्टी पवित्र घोड्याच्या तबेल्यावर आहे, कारण माकडे घोड्यांना रोगराईपासून वाचवतात अशी समजूत होती. ती तीन माकडे एका लांब मालिकेतील आहेत आणि ती मालिका माणसाच्या आयुष्याच्या अवस्था दाखवते. डोळे, कान आणि तोंड झाकलेली माकडे म्हणजे बालपण. बहुतेक पाहुणे त्या तिघांचेच छायाचित्र काढून पुढे सरकतात. बाकीची माकडेही पाहावीत, त्यांत एक बिचारे विचारात पडलेलेही आहे.

मूर्तीविषयी विचारले आहे. शिंतो देवस्थानात आपल्या अर्थाने दर्शन नसते. कामीचे प्रतीक असलेली वस्तू सर्वांत आतल्या दालनात बंद असते आणि ती कोणालाही दाखवली जात नाही. आपण पुढच्या मंडपातून नमस्कार करायचा. समाधी मात्र आहे. झोपलेल्या मांजराच्या छोट्या शिल्पाखालून वाट निघते, उंच देवदारांमधून २०७ दगडी पायऱ्या चढल्या की कांस्याचा स्तूपासारखा घाट असलेली ती समाधी दिसते. शिंतो आचारात मृत्यू हा विटाळ मानला जातो, त्यामुळे देवस्थानाच्या आवारात समाधी असणे ही नेहमीची गोष्ट नाही. निक्को घडले तेव्हा बौद्ध आणि शिंतो आचार एकमेकांत मिसळलेले होते. आवारात शिरताच दिसणारा पाचमजली पॅगोडा त्याच काळाची खूण आहे. १८६८ नंतर सरकारने हुकूम काढून दोन्ही धर्म वेगळे केले. सम्राट मेइजीच्या त्याच काळात इएयासूच्या शेजारी आणखी दोन सेनापती देव म्हणून बसवण्यात आले, आणि त्यांतील एक आहे हिदेयोशी. ज्याचे घराणे बुडवले त्याच्याच पंगतीला बसण्याची वेळ अशी इएयासूवर आली.

आपण मेमध्येच जात आहात, तर १७ आणि १८ मे या तारखा चुकवू नयेत. वसंतोत्सवात १८ तारखेला चिलखते घातलेल्या हजारभर माणसांची मिरवणूक निघते आणि या तिन्ही देवांच्या पालख्या त्यात असतात.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. क्योतोमध्ये मला जेमतेम एक दिवस मिळेल. ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी या दोघांचीही देवळे तेथे आहेत असे वाचले. कोणते पाहावे? आणि ज्यांनी एवढा रक्तपात केला त्यांच्यापुढे नमस्कार करणे योग्य आहे का? (एक वाचक, पंचवटी)

दोन्ही पाहता येतील, कारण दोन्ही लहान आहेत आणि गर्दी फार नसते. पण जाण्यापूर्वी एक प्रश्न मनाशी धरावा : या माणसाला देव कोणी केले, आणि केव्हा? जपानमधील कोणत्याही योद्ध्याच्या देवळात हा प्रश्न विचारला, तर ते देऊळ त्या योद्ध्यापेक्षा बांधणाऱ्याविषयीच अधिक सांगू लागते, असे माझे मत आहे.

नोबुनागाचे उदाहरण घ्या. १५८२ मध्ये होन्नोजी मंदिरात स्वतःच्याच सरदाराच्या विश्वासघाताने त्याचा अंत झाला. पुढे जवळजवळ तीन शतके त्याचे असे मोठे देवस्थान कोणाला सुचले नाही. १८६८ मध्ये तोकुगावांची सत्ता उलथून सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले आणि लगेच पुढच्या वर्षी, १८६९ मध्ये, सम्राट मेइजीने नोबुनागाच्या देवस्थानाचा हुकूम काढला. देश एक करण्यास आरंभ करणारा आणि सम्राटाच्या दरबाराला आधार देणारा पुरुष म्हणून नव्या राजवटीला तो उपयोगाचा होता. ते केन्कुन देवस्थान १९१० पासून फुनाओकायामा या टेकडीच्या माथ्यावर आहे. तेथून पूर्वेकडे पाहावे. समोर हिएइ पर्वत दिसतो. १५७१ मध्ये नोबुनागाने ज्याच्यावरील मठ जाळून भिक्षूंची कत्तल केली तोच हा पर्वत. देवाच्या अंगणातून त्याच्या सर्वांत क्रूर कृत्याची जागा दिसावी आणि त्याबद्दल कोणी काही झाकूही नये, हे दृश्य इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी पाहायलाच हवे. १९ ऑक्टोबरच्या उत्सवाला जमले तर उत्तम. नोबुनागाने १५६८ मध्ये राजधानीत प्रवेश केला त्या घटनेच्या स्मरणार्थ तो होतो.

हिदेयोशीचे देवपद तर दोनदा आले आणि मध्ये एकदा गेले. १५९८ मध्ये तो वारला, पुढच्या वर्षी देव झाला आणि क्योतोच्या पूर्वेकडील डोंगरावर त्याचे भव्य देऊळ उभे राहिले. १६१५ मध्ये घराणे संपताच तोकुगावांनी त्याची दैवी पदवी काढून घेतली, देऊळ बंद केले आणि ते पडू दिले. देवाला पदच्युत करण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. मेइजी सरकारने त्याला पुन्हा मान दिला आणि १८८० मध्ये आजचे तोयोकुनी देवस्थान बांधून झाले. त्याच्या दर्शनी दरवाजाला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा असून तो हिदेयोशीच्या फुशिमी किल्ल्यातून आला असे परंपरेने मानतात. हिदेयोशीचे निशाण भोपळ्याचे होते, म्हणून येथील नवसाच्या लाकडी पाट्याही भोपळ्याच्या आकाराच्या असतात.

दरवाजातून बाहेर पडून पश्चिमेला काही पावले चालल्यावर गवताने झाकलेला एक उंचवटा लागतो व त्यावर दगडी स्तूप आहे. तो मिमिझुका. हिदेयोशीच्या सैन्याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर ज्या दोन स्वाऱ्या केल्या, त्यांत मारलेल्यांची मुंडकी समुद्रापार नेणे अवघड म्हणून नाके कापून, मिठात घालून, पुरावा म्हणून पाठवली गेली. अशा हजारो लोकांची नाके येथे पुरलेली आहेत. देऊळ पाहून हा उंचवटा टाळणाऱ्या माणसाने निम्मेच पाहिले, असे मी म्हणेन.

नमस्काराच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : ज्या घरात आपण पाहुणे आहोत तेथील रीत पाळणे हा शिष्टाचार आहे आणि त्यातून कोणाच्या कृत्यांना संमती जात नाही. मन तयार नसेल तर बाजूला शांत उभे राहावे. कोणी काही विचारत नाही. हसत हसत, छायाचित्रापुरते हात जोडणे मात्र टाळावे.

प्रश्न : तेथील आचार कसे असतात? नारळ, हार, उदबत्ती नेता येते का? आमच्याकडे नुकतेच सुतक फिटले आहे, म्हणून हेही विचारते, की तेथे असे काही पाळतात का? (एक गृहिणी, इंदिरानगर)

नारळ, हार आणि उदबत्ती घरीच ठेवावी. उदबत्ती ही बौद्ध मंदिराची गोष्ट आहे. शिंतो देवस्थानात ती लावत नाहीत. देवापुढे तांदूळ, मीठ, पाणी आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवतात, पण ते काम पुजाऱ्यांचे. सर्वसामान्य भाविकाने दानपेटीत नाणे टाकले की पुरते. आपल्यासारखा हातावर मिळणारा प्रसादही नसतो.

तोरी नावाच्या कमानीपाशी थोडे झुकून आत शिरावे आणि वाटेच्या मधोमध न चालता कडेने चालावे, कारण मधली वाट देवाची समजतात. पुढे पाण्याचे कुंड लागते. पळीत पाणी घेऊन आधी डावा हात धुवायचा, मग उजवा. मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची आणि डावा हात पुन्हा धुवायचा. पळीला तोंड लावायचे नाही; शेवटी ती उभी धरायची, म्हणजे उरलेल्या पाण्याने तिचा दांडा धुतला जातो आणि पुढच्या माणसाला ती स्वच्छ मिळते. सोवळ्याची सवय असलेल्या आपल्या घरांतील बायकांना हे एकदा पाहिले की समजेल. करोनाच्या साथीनंतर पुष्कळ ठिकाणी पळ्या काढून वाहते पाणी ठेवले आहे. तेथे फक्त हात धुवावेत. मंडपासमोर नाणे टाकावे, घंटा असल्यास वाजवावी, दोनदा कमरेतून खोल वाकावे, छातीसमोर दोनदा टाळी वाजवावी, हात जोडून मनातले मागणे मागावे आणि पुन्हा एकदा वाकावे. साष्टांग नमस्कार कोणी घालत नाही. मंडपाच्या आत जायचे असेल तेथे पादत्राणे काढावी लागतात, निक्कोतही तसेच आहे. आत छायाचित्रे घेऊ नयेत.

सुतकासारखे बंधन तेथेही आहे. जवळचे माणूस गेल्यावर साधारण पन्नास दिवस शिंतो देवस्थानाच्या कमानीतून आत जाऊ नये अशी रीत पुष्कळ जपानी कुटुंबे पाळतात, आणि म्हणूनच बहुतेक अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने होतात. परदेशी पाहुण्याला कोणी याबद्दल विचारत नाही. आपले सुतक फिटले आहे, तेव्हा मनात किंतु ठेवू नये.

प्रश्न : अशा देवळात जाणे म्हणजे टोकियोच्या यासुकुनी देवस्थानात जाण्यासारखेच नाही का? (एक निवृत्त सैनिक, देवळाली कॅम्प)

नाही, जरी यासुकुनीची स्थापनाही १८६९ मधलीच, म्हणजे नोबुनागाच्या देवस्थानाच्या हुकमाच्याच वर्षातली आहे. यासुकुनी एका योद्ध्याचे देऊळ नव्हे; आधुनिक जपानसाठी युद्धांत मेलेल्या सुमारे चोवीस लाख साठ हजार जणांना तेथे कामी मानले आहे. १९७८ मध्ये त्यांत दुसऱ्या महायुद्धातील पहिल्या वर्गाच्या चौदा युद्धगुन्हेगारांची भर पडली आणि १९८५ पासून तेथील शासकीय भेटींवर चीन व कोरियातून निषेध उमटतो. चारशे वर्षांपूर्वीच्या सेनापतींबाबत असा वाद सहसा होत नाही. हिदेयोशीबद्दलची कोरियन लोकांची भावना हा मोठा अपवाद. यासुकुनीच्या आवारात दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी युद्धगुन्हेगारांवर चाललेल्या टोकियो खटल्यातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांचे स्मारक असून भारतीय पाहुण्यांना ते आवर्जून दाखवले जाते. त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत दिले होते, परंतु जपानी सैन्याने अत्याचार केले हे त्यांनी नाकारले नव्हते. हे ठाऊक असल्यावर जायचे की नाही, हे आपले आपण ठरवावे.

प्रश्न : दोन लहान मुले आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई बरोबर आहेत. पायऱ्या नसलेले, टोकियोपासून एका दिवसात होण्यासारखे आणि शाकाहारी माणसाला काही खाता येईल असे योद्ध्याचे देऊळ सुचवाल का? (एक वाचक, नाशिकरोड)

कोफूचे ताकेदा देवस्थान पाहावे. टोकियोच्या शिंजुकू स्थानकाहून जलद गाडीने सुमारे दीड तास लागतो आणि स्थानकाच्या उत्तरेकडून बस मिळते. ताकेदा शिंगेन हा सोळाव्या शतकातील विख्यात सेनानी १५७३ मध्ये वारला. त्याच्या वडिलांनी १५१९ मध्ये बांधलेल्या वाड्याच्या जागेवर १९१९ मध्ये हे देवस्थान उभारले गेले. वाडा राहिला नाही, पण खंदक आणि दगडी तटांचे भाग शिल्लक आहेत. लाल पूल ओलांडून आत शिरताना आपण शिंगेनच्याच अंगणात पाऊल टाकतो. पुलापलीकडे काही पायऱ्या आहेत, निक्कोसारखा चढ मात्र नाही. आत शिंगेनची मूर्ती शोधू नये; त्याचा बसलेला भव्य पुतळा कोफू स्थानकाच्या दक्षिण बाजूस आहे आणि मुलांना तोच जास्त आवडेल. येथे लोक प्रामुख्याने यश मागतात, सामन्यातले आणि परीक्षेतले. स्थानिक शेतकऱ्यांच्या आठवणीत शिंगेन लढायांइतकाच नदीच्या बांधांसाठीही आहे. कामानाशी नदीच्या पुराला आवरण्यासाठी त्याने घातलेला बांध त्याच्या नावाने ओळखला जातो. वार्षिक उत्सव १२ एप्रिलला, त्याच्या स्मृतिदिनी असतो.

खाण्याचे म्हणाल, तर जपानी रस्सा दिसायला शाकाहारी असला तरी बहुधा माशाच्या अर्कावर बनतो, म्हणून कोफूचा ‘होतो’ नावाचा, भोपळा घातलेल्या शेवयांचा प्रकारही विचारून घ्यावा. सोयाबीनचे पीठ आणि काळ्या गुळाचा पाक घातलेली शिंगेन मोची ही तांदळाची मऊ मिठाई बिनधास्त खावी. निक्कोला गेलात, तर सोयाबीनच्या दुधाची साय, म्हणजे युबा, मिळते. तीही रश्श्यातली नको, साधी मागावी.

प्रश्न : देवस्थानात शिक्का मारून देतात ती वही कोठे घ्यावी? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

बहुतेक मोठ्या देवस्थानांत ताईत विकण्याच्या खिडकीपाशीच ती मिळते. आधी दर्शन, मग शिक्का, असा क्रम आहे. शिक्का ही दर्शन घेतल्याची नोंद असल्यामुळे नुसता तो मागणे असभ्य समजतात. लाल मुद्रेवर काळ्या शाईने देवस्थानाचे नाव आणि तारीख लिहून देतात आणि त्यासाठी बहुधा तीनशे ते पाचशे येन घेतात. साधी वही पुढे करू नये, ती नाकारली जाते. बौद्ध मंदिरांसाठी वेगळी वही ठेवली तर बरे, कारण एकाच वहीत दोन्ही असल्यास काही ठिकाणी लिहून देत नाहीत. सुटी नाणी जवळ असू द्यावीत.